हजेरीच्या वहीची मागची पानं

१
एप्रिलचा पहिला आठवडा. उन्हाळी नाट्यशिबिराची नावनोंदणी. वय तेरा ते एकोणीस. टेबलासमोर पालक बसतात, मुलं मागे उभी. "धीट होईल ना?" "मोबाइल सुटेल का?" "मालिकेत घेतात का इथून?" एक आई सगळ्यांत शेवटी आली. म्हणाली, "घरी बोलत नाही ती. इथं बोलली तर मला सांगू नका. फक्त बोलू द्या."

२
फॉर्मवर 'पूर्वानुभव' असा रकाना आहे. एकाने लिहिलंय : गणपतीत एकदा उंदीर.

३
हॉल शाळेचा. चावी शिपाईमामांकडे. मामा साडेचारला घरी जातात, शिबिर पाचला सुरू. मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जात छबिलदासचा दाखला दिला. सुलभा आणि अरविंद देशपांड्यांच्या 'आविष्कार'ने १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. दिवसा वर्ग, संध्याकाळी नाटक. मराठी प्रायोगिक रंगभूमीचं एक अख्खं पर्व शाळेच्या भिंतींत घडलं, आणि शाळेचं काही बिघडलं नाही. अर्ज मंजूर. अट एकच : बाक होते तसे लावून जाणे.

४
पहिला दिवस. बाक भिंतीला सारले, सगळे गोलात. गोलात मागची रांग नसते हे बसल्यावर लक्षात येतं. दोघं-तिघं तरी मागे सरकून पाहतात. गोल मोठा होतो, एवढंच.

५
एप्रिलमध्ये सांगली चाळिशीला टेकते. पंखे बंद ठेवावेत तर जीव जातो, चालू ठेवावेत तर वाक्यं उडून जातात. म्हणून पहिला अर्धा तास पंखे पूर्ण वेगात आणि त्यावरून समोरच्या भिंतीपर्यंत पोचायचं. ओरडायचं नाही. घशावर जोर नाही, पोटातून श्वास. वाक्याचा शेवट खायचा नाही. मुलं शेवट गिळतात आणि आपली क्रियापदं शेवटीच असतात. कोणी, कुठे, कोणाला हे सगळं ऐकू येतं, काय केलं ते तेवढं पोचत नाही.

६
"सर, हात कुठे ठेवू?"
तेरा वर्षांच्या मुलाचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर तोंडी देऊन उपयोग नाही. त्याला पाण्याने भरलेली बादली दिली आणि सांगितलं, ही आईला नकळत खोलीबाहेर न्यायची आहे. पुन्हा हातांबद्दल विचारलं नाही.
गटातला सगळ्यांत मोठा मुलगा सध्या के. नारायण काळ्यांनी मराठीत आणलेलं स्तानिस्लावस्कीचं 'अभिनय साधना' वाचतो आहे. तो कोपऱ्यातून बादली बघत होता. नंतर म्हणाला, पुस्तकात हेच आहे, फक्त जास्त पानांत.

७
१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, 'सीतास्वयंवर' केलं. इथल्या प्रत्येक मुलाला हे साल पाठ असतं, प्रश्नमंजूषेत येतं म्हणून. ते नाटक कसं केलं, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. पदं सूत्रधार म्हणायचा. पात्रं त्या पदाच्या धोरणाने आपापले संवाद तिथल्या तिथे रचून बोलायची. पाठ करायला लिहिलेले संवादच नव्हते. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे.
"आधी लिहून द्या, मग बोलतो" असं म्हणून अडून बसलेला मुलगा हे ऐकून जरा सैल झाला. राक्षस व्हायला सहा जण उठले, त्यांत चार मुली.

८
शब्दांवाचून प्रसंग. विषय : खरेदी. बहुतेकांनी भाजीवाली केली, हातवारे भरपूर. जतकडच्या एका मुलाने आपल्या शेजाऱ्याला पुढे बोलावलं, खिशातला रुमाल काढला, दोघांचे हात रुमालाखाली घेतले. चेहऱ्यावर काही नाही. नजर तिसरीकडेच. मध्येच हात झटकला, चार पावलं गेला, परत आला, पुन्हा रुमाल.
जनावरांच्या बाजारात असा भाव ठरतो, बोटांवर. काही जणांनी पाहिलेलं होतं, शहरातल्या मुलांनी कधीच नाही. पण बैल महाग पडला हे सगळ्यांना कळलं.
तो मुलगा आठवडाभर "मला ॲक्टिंग येत नाही" म्हणत होता.

९
व्हायोला स्पोलिनचं 'इम्प्रोव्हिजेशन फॉर द थिएटर' १९६३चं. जगभरच्या कार्यशाळांत जे खेळ चालतात, त्यांतले कितीतरी तिचे. ती शिकली शिकागोच्या हल हाउसमध्ये, नीव्हा बॉइडच्या हाताखाली. हल हाउस म्हणजे परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत चालवलेलं सेवाकेंद्र. शेजारशेजारच्या मुलांची भाषा वेगळी, म्हणून खेळ असे हवेत की भाषा अडायला नको.
आमच्या हजेरीत मराठी आहे, कन्नड आहे, मिरजेची दखनी आहे, आणि फौंड्रीत कामाला आलेल्या बापाची भोजपुरी बोलणारी एक मुलगी आहे. जिबरिशच्या, म्हणजे अर्थ नसलेल्या बोलीच्या, खेळात सगळ्यांचा दर्जा एक होतो. ती मुलगी त्या खेळात वकील झाली. साक्षीदाराला रडवलं.

१०
नियम, भिंतीवर लावलेले. मोठ्यांसाठी.
एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, बंद खोलीत, कधीही नाही. दार उघडं. मुलींची कपडे बदलायची खोली वेगळी, आतून कडी, बाहेर एक ताई. व्यायामात कुणाला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि 'नको' म्हटलं की कारण विचारायचं नाही. डोळे बांधून चालण्याचा खेळ ज्यांना हवा त्यांनाच. सात वाजता सुट्टी, कोण न्यायला येणार ते वहीत.
एका ज्येष्ठ रंगकर्मींनी हे वाचून "पूर्वी असलं काही नव्हतं" म्हटलं. पूर्वी बरंच काही नव्हतं. २०१२चा पॉक्सो कायदा झाला तो उगाच नाही. नाटकातला माणूस मुलांच्या फार जवळ जातो, त्यांचा आवाज, शरीर, भीती यांवर काम करतो. ज्याला हे नियम जाच वाटतात, त्याने मुलांत काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

११
फी एका डब्यात टाकायची. पावती नाही, नाव नाही. ज्याला जमेल तेवढं. शिबिराच्या शेवटी डबा उघडला तेव्हा हिशेब जमला. त्यात दोन बसची तिकिटंही होती. ती का टाकली असतील याचा उलगडा झालेला नाही.

१२
मेकअपबद्दल एक गोष्ट ठरवून टाकली आहे. चेहऱ्याला आपल्या रंगापेक्षा उजळ बेस लावायचा नाही. राजकन्या असली तरी. पहिल्या वर्षी मुली नाराज होतात, आया जास्त. "स्टेजवर तरी गोरी दिसू दे." दिव्यात डोळे दिसले पाहिजेत, भुवया हलताना दिसल्या पाहिजेत, त्यासाठी काजळ आहे, रेषा आहेत. रंगभूषा करायला येणारे काका म्हणाले, माझा पांढरा डबा तुमच्याकडे वर्षानुवर्षं पुरतो.

१३
कपाटातल्या संहिता लावायला घेतल्या.
खालचा खण लहान मुलांचा, भरगच्च. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये 'लिटल थिएटर' काढलं, तिथून बालनाट्याला मोठ्या रंगमंचाचा थाट आला. रत्नाकर मतकरींची 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या'. पु. लं.चं 'वयं मोठं खोटम्'. तेंडुलकरांनीही मुलांसाठी नाटकं लिहिली, हे आज फार थोड्यांना ठाऊक असतं.
वरचे दोन खण मोठ्यांचे. तिथे मराठीला कमी काही नाही.
मधला खण, चौदा ते सतरा. एका हातात मावतात एवढ्याच.
राक्षसाला घाबरण्याचं वय गेलं आणि नोकरी-लग्नाच्या कटकटी अजून आल्या नाहीत, त्या मधल्या मुलांसाठी आपण फारसं लिहिलेलं नाही. महाविद्यालयात गेलं की 'पुरुषोत्तम'सारख्या एकांकिका स्पर्धा वाट बघत असतात. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३मध्ये ती सुरू केली आणि तिच्यातून पिढ्या निघाल्या. त्याच्या आधीच्या चार वर्षांत मुलगा किंवा मुलगी काय करते? आरशासमोर रील.

१४
बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मोहन आगाशे यांनी १९८६च्या सुमाराला पुण्यात आणली. मुलांच्या रोजच्या प्रश्नांवरची नाटकं, आणि मुलांची कामं मोठे नट करतात.
आमच्याकडे प्रसंग रचायला सांगितलं की पहिली दहा मिनिटं भांडण चालतं : आजोबा कोण होणार.

१५
अकरावी झालेली एक मुलगी चार दिवस आली नाही. मैत्रिणीने सांगितलं, "पाहुणे यायचेत बघायला."

१६
गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. सांगलीहून सायकलने जाता येतं, कृष्णा-वारणेच्या संगमाशी. 'संगीत शारदा' १८९९चं. पैशासाठी पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. गाणी बाजूला ठेवून फक्त गद्य वाचायला घेतलं. मुलांना वाटलं होतं जुनी भाषा म्हणून कंटाळा येईल. भद्रेश्वर बोलायला लागला आणि एक जण म्हणाला, "हा आमच्या गल्लीत आहे."
त्या काळी शारदेचं काम करायला मुलगेच असत. मुलींना हे ऐकून हसू येतं. मग एक विचारते, "म्हणजे शारदेचं म्हणणं काय, हे सगळं पुरुषांनीच लिहिलं, पुरुषांनीच केलं, आणि बघायलाही जास्त तेच?" देवलांबद्दलचा आदर कमी न करता हा प्रश्न वहीत लिहून ठेवतो.
दुसरी : "आईला कुणी विचारलं का?"

१७
१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचं वय चौदा ठरवलं. २००६च्या कायद्यात अठरा.
न येणाऱ्या मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून बरेच महिने आहेत. तिच्या वर्गशिक्षिकेला घेऊन घरी गेलो. चहा झाला. वडील वाईट माणूस नाहीत. "बघायलाच येतायत, लगेच कुठं लग्न आहे." बाईंनी कायदा सांगितला, मी शिबिराचं सांगितलं. मुलगी आतून ऐकत होती; दाराखालच्या फटीतून पावलं दिसत होती.
१०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक भिंतीवरच्या नियमांखाली मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

१८
आवाज फुटलेल्या मुलाचं काय करायचं?
संगीत नाटकांच्या काळात कंपनीतल्या पोराचा आवाज फुटणं हे संकट होतं. गाणारं पोर गेलं म्हणजे तिकीट गेलं. आमचा चौदा वर्षांचा मुलगा महिनाभर तोंड उघडत नव्हता. वाक्य जाड सुरू होतं आणि मध्येच चिरकतं, मागून खिदळणं येतं. त्याला गप्प बसण्याची कामं देत होतो. पहारेकरी, झाड, प्रेत.
पुढे बघा, क्रमांक २१.

१९
डोळे मिटून ऐकलेले आवाज, मुलांनी सांगितले त्या क्रमाने : पंखा. दुसरा पंखा, तो वेगळा वाजतो. कुणीतरी नाक ओढतंय. मिरजेकडची गाडी. वरच्या मजल्यावर बाक ओढला. बांगडी. माझं पोट. मशिदीतला लाऊडस्पीकर सुरू व्हायच्या आधीची खरखर. शेजारचा मुलगा ऐकतोय तो आवाज.
शेवटचा आवाज कसा असतो ते विचारलं. "तो श्वास हळू घेतो ना."

२०
जून. शिबिर संपलं, गट चालू राहिला. शाळा सुरू, हॉल आठवड्यातून दोनदाच. पत्र्यावर पाऊस. तालीम थांबते, मुलं थांबत नाहीत; ओठ हलवत पूर्ण प्रवेश करून टाकतात. मुका प्रवेश जास्त नीट कळला. पाऊस थांबल्यावर तोच पुन्हा शब्दांसकट केला तर निम्मे शब्द जादा वाटले. काढले.

२१
पावसाळ्यात या गावात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो : आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांवर गेलं.
आत्ता जे गटात आहेत ते तेव्हा लहान होते. त्यांना विचारलं, काय आठवतं? फार खोलात नेणारे प्रश्न मी विचारत नाही. कुणाचं कोण गेलं, कुणाचं काय वाहून गेलं, हे नाटकासाठी उकरून काढायचा मला अधिकार नाही. मी समुपदेशक नाही, आणि प्रयोग संपल्यावर त्या मुलाला रात्री घरीच झोपायचं असतं. सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा, बाकीचं रचा.
जे आलं ते असं : गच्चीवर म्हैस. पार्लेजीचे पुडे, इतके की अजून वास नको वाटतो. शाळेत राहायला गेलो, वर्गात झोपलो, फळ्यावर वाट्टेल ते काढू दिलं. आजीने देव आधी उचलले की गॅस, यावरून भांडण. पाणी गेल्यावर भिंतीवर राहिलेली रेघ. घराचा दरवाजा फुगला तो आजतागायत नीट लागत नाही.
यातून नाटक बसवलं. नेपथ्य म्हणजे शाळेचेच बाक. पाणी चढतं तसे बाक एकमेकांवर चढतात आणि माणसांना उभं राहायला जागा कमी कमी होते. पाणी कुठेही दाखवलं नाही.
पालिकेची गाडी हवी होती, भोंगा लावून सूचना देत फिरणारी. चिरकलेल्या आवाजाचा मुलगा आपणहून उठला, हाताची नळी तोंडाला धरली : नागरिकांनी सुरक्षित स्थळी... आणि नेमका 'सुरक्षित'वर आवाज फाटला. खराब लाऊडस्पीकर असाच फाटतो. कुणीही हसलं नाही. आता पूर्ण नाटकभर तो गाडी आहे.

२२
प्रॉम्प्टर नववीतली मुलगी आहे. तिच्याकडे विंगेतून बघत होतो. एक नट थांबला. मी हातवारे केले, सांग, सांग. तिने मान हलवली. दोन क्षणांनी तो बोलला. तो विसरला नव्हता, थांबला होता. ती सगळ्यांचे श्वास ओळखते. गटातलं सगळ्यांत अवघड काम तिच्याकडे आहे आणि तिच्या घरी ती "नाटकात नाही" असं सांगितलं जातं, कारण स्टेजवर दिसत नाही.
कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव दिग्दर्शकाच्या वर छापायला सांगितलं आहे.

२३
दिवे : दोन पार, एक स्पॉट, एक डिमर. दिवेवाल्या दादांचं बिल वेगळं नसतं, म्हणतात "पोरांचं आहे." त्यांना दर वेळी तरीही पाकीट देतो. हौशी म्हणून फुकट, ही सवय मुलांनी इथे शिकायला नको.

२४
महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आमच्या नाटकातले निम्मे संवाद दर प्रयोगाला बदलतात. मोठ्या मुलीने विचारलं, "मग कुठला प्रयोग लिहून पाठवायचा?" एक लिहिला, पाठवला.
इंग्रजांनी १८७६मध्ये नाटकांवर नियंत्रणाचा कायदा केला, तो आता रद्द झाला आहे. बोलण्याआधी दाखवून घ्यायची प्रथा मात्र टिकून आहे. पूर, बाक आणि भोंगा यांतलं काय आधी तपासायचं असतं, हे मुलांना समजावून सांगता येत नाही. सांगता येऊ नये असंच मला वाटतं.

२५
वस्तीतला प्रयोग. बोआलची पद्धत करून पाहिली. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने प्रेक्षकाला नाटक थांबवायचा हक्क दिला. ज्याच्यावर अन्याय होतोय त्या पात्राच्या जागी प्रेक्षकाने यायचं आणि वेगळं काहीतरी करून बघायचं. प्रसंग मुलांनीच निवडला : मुलगी बघायला पाहुणे आलेत, मुलीला शिकायचंय, बाप ऐकत नाही, आई स्वयंपाकघरात.
पहिल्यांदा एक कॉलेजचा मुलगा उठला, मुलीच्या जागी आला, जोरदार भाषण केलं. बाप झालेल्या मुलाने "आत जा" म्हटलं, भाषण संपलं. मग एक शिक्षिका. तिने कायदा सांगितला. पाहुणे झालेले म्हणाले, "आम्ही कुठं आज लग्न लावतोय."
मग मागून एक आजी आल्या. म्हणाल्या, मी आईच्या जागी. सगळे थांबले. त्या काहीच बोलल्या नाहीत. पाहुण्यांसमोरचे भरलेले चहाचे कप ट्रेमध्ये परत ठेवले आणि ट्रे घेऊन आत गेल्या.
पाहुणे झालेल्या मुलांना पुढे काय करायचं सुचेना. हात रिकामे राहिले. बाप झालेला मुलगा उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला.
वस्तीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकमेकींकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने बोलायला लागल्या, त्या सगळ्या एकदम.

२६
मतकरींनी २०१४पासून ठाण्यात वस्त्यांमधल्या मुलांचा रंगमंच उभा केला. मुलांनी आपले विषय आपणच मांडायचे, आपल्याच भाषेत. जन्मभर राक्षस, चेटकिणी आणि गूढकथा लिहिलेला माणूस पंचाहत्तरीत तिथे जाऊन बसला. हे गटातल्या मोठ्या मुलांना मुद्दाम सांगतो.

२७
स्पर्धेला जायचं का, यावर दर वर्षी भांडण. माझं मत : पहिल्या वर्षाच्या मुलांना नेऊ नये. परीक्षकाच्या कागदावर अभिनयाला आकडा मिळतो. त्या वयात तो आकडा मुलाच्या नावाला चिकटतो. मोठ्यांनी जरूर जावं. दुसऱ्या गावची मुलं काय करतात ते बघायला, नेपथ्य वेळेत लावायला आणि उतरवायला, हरून रात्रीच्या एसटीने परत यायला.
२०२२ साली 'पुरुषोत्तम'च्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुठल्याच संघाला दिला नाही. तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. आमच्यातल्या एकाने तेव्हा विचारलेला प्रश्न आजही आवडतो : "प्रेक्षकांनी बघितलं का त्यांचं? मग झालं की."

२८
माजी विद्यार्थी, आठवतील तसे. एक जण पुण्यात प्रकाशयोजना करतो. एक नर्स आहे, रात्रपाळीत रुग्णाशी बोलताना शेवटचं अक्षर खात नाही असं सांगते. एक मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर. एक मालिकेत दिसतो, बहुधा मागे उभा. एक प्रयोगाच्या दिवशी टेम्पो घेऊन येतो, बाक चढवतो, भाडं घेत नाही, नाटक मात्र कधी बघत नाही. "मला आतलं आवडतं," म्हणतो.

२९
देणगी मागायला गेलो. दुकानदार चांगले, पाच मिनिटांत चेक. "फलक मोठा लावा." फलक रंगमंचाच्या आत नको, बाहेर लावू म्हटलं. तर "मुलं आमचं नाव घेतील ना नाटकात एकदा?"
चेक परत दिला. टेम्पोवाल्या माजी विद्यार्थ्याने भाडं न घेता बाक नेले, म्हणून निभावलं.

३०
दहा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. वयात बसत नाही. म्हणाला, "मला काम करायचं नाही. मला बघायचंय." रोज? "रोज." तो आता येतो. प्रवेश बसवताना मुलं त्याच्याकडे बघून बोलतात. त्याला एखादी गोष्ट कळली नाही की तो भुवई वर करतो, आणि प्रवेश पुन्हा केला जातो. हजेरीत त्याचं नाव घातलं आहे. हुद्दा : प्रेक्षक.

३१
एका वडिलांचा फोन. "काय शिकला तो तुमच्याकडे? घरी काहीच करून दाखवत नाही."
विचारलं, घरी कसा असतो? "आधीपेक्षा गप्प. म्हणजे... ऐकतो. मध्ये बोलत नाही."

३२
५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. मुलांना घेऊन गेलो. भाषणं लांबली. परत येताना रस्त्यातच कुणीतरी सूत्रधार झालं, कुणी सीता, आणि सहा राक्षस पुलाच्या फुटपाथवरून आरोळ्या देत पुढे पळाले. रिक्षावाल्यांनी वाट दिली.

३३
'शारदा'तले प्रवेश वाचनातून आता उभे राहायला लागले आहेत. पदं नाहीत. पोशाख रोजचेच. इंदिराकाकू, म्हणजे शारदेची आई, हिच्यासाठी एक शांत प्रवेश मुलींनी स्वतः रचला आहे. देवलांच्या संहितेत तो नाही, हे प्रयोगाआधी सांगायचं ठरलं आहे. त्यात ती फक्त भांडी आवरते. वस्तीतल्या आजींना पहिल्या रांगेचं निमंत्रण आहे.

३४
मुख्याध्यापकांची तक्रार : बाकांवर आकडे लिहिलेत. चाळीस, पंचेचाळीस, सत्तावन्न. मुलांनी शनिवारी पुसले. सत्तावन्न नीट गेला नाही, सुरीने कोरला होता.

३५
त्या मुलीच्या वडिलांनी पाहुण्यांना "बारावी होऊ द्या" असं कळवलं आहे. ती सप्टेंबरपासून पुन्हा येते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, म्हणून 'शारदा'चा प्रयोग जानेवारीत धरला. शारदेच्या कामासाठी तिचं नाव मीच सुचवलं होतं. तिने नको म्हटलं. कांचनभट मागून घेतला. पागोटं कसं बांधायचं ते आता वडिलांकडून शिकते आहे.